थंड प्रदेशातील परसबागेत ब्लॅककरंटची लागवड

ब्लॅककरंटचे रोप खड्ड्यात बसवून, माती दाबून आणि पाणी घालून झाले की त्याच दिवशी त्याच्या सगळ्या फांद्या जमिनीपासून दोन-तीन बोटांवर छाटून टाकाव्यात. या फळझुडपाविषयी सांगण्यासारखे पुष्कळ आहे, पण सुरुवात याच सूचनेपासून करते, कारण नव्याने बाग करणाऱ्याचा हात नेमका इथे अडतो आणि त्यापायी पुढची दोन-तीन वर्षे वाया जातात. स्कॉटलंडमध्ये डंडीजवळ आमच्या घरामागच्या बागेत मी पहिली तीन रोपे लावली तेव्हा ती गुडघ्याएवढी उंच होती आणि प्रत्येकाला तीन-चार सरळ फांद्या होत्या. पैसे मोजून आणलेले, अजून मुळेही न धरलेले रोप कापायचे हे मनाला पटेना, म्हणून मी ती तशीच वाढू दिली. पहिल्या उन्हाळ्यात वाटीभर फळे मिळाली, दुसऱ्या उन्हाळ्यातही जेमतेम तेवढीच, आणि झुडपे काटकुळीच राहिली. तिसऱ्या हिवाळ्यात शेजारचे आजोबा कुंपणापाशी उभे राहून बराच वेळ त्यांच्याकडे पाहत होते. "लावल्यावर कापली नव्हतीस ना?" एवढेच त्यांनी विचारले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःचे सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, घेऊन आले.

ब्लॅककरंटला फळ धरते ते मुख्यतः आदल्या उन्हाळ्यात वाढलेल्या फांदीवर. एकदा भरघोस फळ देऊन गेलेल्या फांदीवर पुढच्या वर्षी जे काही येते ते तिच्या शेंड्याकडच्या आणि कडेच्या नव्या वाढीवर येते, आणि ही नवी वाढ वर्षागणिक आखूड होत जाते. म्हणून या झुडपाच्या बाबतीत वर्षभर एकच गोष्ट डोळ्यांसमोर ठेवायची असते, ती म्हणजे जमिनीच्या पोटातून दरवर्षी जाड, सरळ, जोमदार फुटवे वर आले पाहिजेत. लावण्याची खोली, खत, पाणी, छाटणी हे सगळे त्या फुटव्यांसाठी. लागवडीच्या दिवशी फांद्या कापल्या की रोपाची पहिल्या उन्हाळ्यातील सगळी ताकद मुळांत आणि नव्या फुटव्यांत जाते. त्या उन्हाळ्यात फळ मिळत नाही, पण दुसऱ्या उन्हाळ्यात फळ धरायला पाच-सहा ताज्या फांद्या तयार असतात.

हवामान आणि नावाचा गोंधळ

महाराष्ट्रात 'ब्लॅककरंट' हा शब्द बहुतेकांना आइस्क्रीममुळे ठाऊक आहे. सुक्या मेव्याच्या दुकानात काळ्या मनुकांच्या पाकिटावरही हेच नाव पुष्कळदा छापलेले दिसते, पण मनुका म्हणजे वाळवलेली द्राक्षे, आणि त्यांचा या झुडपाशी काही संबंध नाही. खरे ब्लॅककरंट म्हणजे 'रायबीज नायग्रम', युरोप आणि उत्तर आशियातील ओलसर, थंड रानांतले झुडूप. त्याची फळे वाटाण्याएवढी किंवा थोडी मोठी, काळीभोर, घोसांनी लोंबणारी आणि चवीला अतिशय आंबट-तुरट असतात. घाटातल्या करवंदाची आठवण करून देणारे हे फळ आहे, पण झाड अगदी वेगळे: याला काटे नाहीत, चीक नाही, आणि हिवाळ्यात याची सगळी पाने गळतात. पान चुरगळून वास घेतला की ओळख पटते. तो उग्र वास काहींना नकोसा वाटतो. मला मात्र आता तो वास आल्यावाचून वसंत आल्यासारखे वाटत नाही.

हे झुडूप थंडी सोसते एवढेच नाही, त्याला थंडी लागतेच. हिवाळ्यात तापमान सात अंश सेल्सियसच्या खाली राहील असे तास पुरेसे मिळाले तरच त्याचे डोळे, म्हणजे फांदीवरचे मिटलेले कोंब, वसंतात एकसारखे फुटतात. पुष्कळ जातींना असे दीड ते दोन हजार तास लागतात. ते न मिळाल्यास काही डोळे लवकर, काही उशिरा तर काही मुळीच फुटत नाहीत, आणि फळही त्याच क्रमाने विस्कळीत येते. त्यामुळे महाबळेश्वरला स्ट्रॉबेरी होते म्हणून तिथे ब्लॅककरंटही होईल, असे समजून कोणी रोपे मागवू नयेत. तिथला हिवाळा या झुडपाला फार सौम्य आणि फार आखूड पडेल. उलट स्कॉटलंड, स्कँडिनेव्हिया, पोलंड, कॅनडा अशा ठिकाणी राहणाऱ्या मराठी माणसाच्या अंगणात जिथे आंबा-पेरूचा विचारही करता येत नाही, तिथे हे झुडूप फारशा लाडाशिवाय पंधरा वर्षे फळ देते. पाने गळून निजलेल्या अवस्थेत ते उणे तीस अंशांची थंडीही सोसते.

अमेरिकेत राहणाऱ्यांनी मात्र रोप मागवण्याआधी आपल्या राज्याचा नियम पाहावा. पांढऱ्या पाइन वृक्षावरील तांबेरा रोगाची बुरशी आपल्या जीवनचक्राचा एक टप्पा या कुळातील झुडपांवर काढते, म्हणून तिथे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ब्लॅककरंटच्या लागवडीवर बंदी आली. ती केंद्रीय बंदी १९६६ साली उठली आणि निर्णय राज्यांकडे गेला. न्यूयॉर्क राज्याने २००३ मध्ये लागवडीला मोकळीक दिली, पण काही राज्यांत निर्बंध आजही आहेत आणि काही ठिकाणी फक्त तांबेऱ्याला दाद न देणाऱ्या जाती चालतात.

ब्रिटनमध्ये परसबागेत हे झुडूप लावण्याचे एक वेगळेच कारण आहे. इथे पिकणाऱ्या ब्लॅककरंटचा बहुतांश भाग रायबीना या १९३८ पासून विकल्या जाणाऱ्या सरबतासाठी जातो, त्यामुळे ताजी फळे बाजारात क्वचितच दिसतात. शंभर ग्रॅम ब्लॅककरंटमध्ये सुमारे १८० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, म्हणजे संत्र्याच्या तिपटीहून अधिक. दुसऱ्या महायुद्धात बाहेरून संत्री येईनाशी झाली तेव्हा सरकारने लहान मुलांना याच फळाचे सरबत पुरवले होते. शेजारच्या आजोबांना ती बाटली अजून आठवते.

जात निवडताना

डंडीलगतच्या इन्व्हरगौरी गावी पूर्वी स्कॉटिश क्रॉप रिसर्च इन्स्टिट्यूट होती. २०११ पासून ती जेम्स हटन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. आज बागांत दिसणाऱ्या बहुतेक चांगल्या जाती या संस्थेच्या आहेत. त्यांतल्या बहुतेकांची नावे 'बेन' या शब्दाने सुरू होतात. गेलिक भाषेत त्याचा अर्थ पर्वत. बेन लोमंड, बेन नेव्हिस, बेन होप हे स्कॉटलंडमधील खरे पर्वत आहेत. जुन्या इंग्रजी जाती लवकर फुलत आणि एप्रिलच्या दहिवरात, म्हणजे रात्री गोठणाऱ्या दंवात, त्यांचा बहर जळून जाई. म्हणून या संस्थेने स्कँडिनेव्हियातील झुडपांशी संकर करून उशिरा फुलणाऱ्या आणि फुलोऱ्यात थोडी अधिक थंडी सोसणाऱ्या जाती तयार केल्या.

लहान बागेसाठी मी बेन सारेक सुचवीन. ते सव्वा मीटरच्या वर सहसा जात नाही, रोपांत तेवढेच अंतर ठेवले तरी चालते, आणि मोठ्या कुंडीतही ते नांदते. फळाच्या भाराने त्याच्या फांद्या मात्र जमिनीला टेकतात, तेव्हा जुलैच्या आधी काठ्या रोवून दोरीचा आधार द्यावा. बेन कॉनन लवकर पिकते, त्याची फळे मोठी असतात आणि भुरी रोगाला ते सहसा बळी पडत नाही. बेन लोमंड उशिरा फुलते, म्हणून दहिवराच्या पट्ट्यात ते भरवशाचे. बेन होप उंच आणि सरळ वाढते, आणि ज्या कोळ्यामुळे (जाळे विणणारा नव्हे, ही एक अतिशय बारीक कीड) डोळे फुगतात त्याला ते दाद देत नाही. त्या कोळ्याविषयी पुढे सविस्तर सांगितले आहे, आणि त्याचा उपद्रव असलेल्या भागात एकच जात लावायची झाली तर हीच लावावी, असे माझे मत आहे. झाडावरून तोडून तसेच खाण्यासाठी फळ हवे असेल तर बिग बेन लावावे. त्याचे फळ इतरांपेक्षा गोड आणि मोठे असते.

बहुतेक जातींना स्वतःच्या परागावरही फळ धरते, त्यामुळे एकच झुडूप लावले तरी चालते. जागा असल्यास दोन वेगळ्या जाती लावाव्यात. फळधारणा थोडी सुधारते आणि तोडणीचा हंगामही लांबतो.

रोप कोठून आणावे याबाबत तडजोड करू नये. नोंदणीकृत रोपवाटिकेतील, विषाणूमुक्त असल्याचा दाखला असलेले, दोन वर्षांचे रोप घ्यावे. एका ओळखीच्या घरी झुडपे काढून टाकत होते तेव्हा त्यांतली दोन मी आनंदाने घेऊन आले, आणि त्यांच्याबरोबर तो कोळीही माझ्या बागेत आला. तीन वर्षांनी ती दोन आणि त्यांच्या शेजारची आणखी दोन, अशी चार झुडपे उपटून जाळावी लागली. फुकटच्या रोपाची किंमत मी अशी मोजली.

जागा, माती आणि दहिवर

ब्लॅककरंटला चिकणमाती चालते, किंबहुना ओल धरून ठेवणारी भारी माती त्याला मानवते. वाळूसारखी हलकी जमीन मात्र पुष्कळ कुजलेले खत घातल्याशिवाय उपयोगाची नाही. मातीचा सामू (पीएच) साडेसहाच्या आसपास असावा. पाणी साचून राहणारी जागा टाळावी. अर्धवट सावलीत झुडूप जगते, पण उन्हात फळ अधिक येते आणि गोडी भरते. आमच्याकडे जूनअखेरीस साडेसतरा तासांचा दिवस असतो, तरी माझ्या सावलीतल्या झुडपाला उन्हातल्या झुडपाच्या जेमतेम निम्मे फळ लागते.

जागा ठरवताना मातीहून अधिक विचार दहिवराचा करावा. ब्लॅककरंट एप्रिलमध्ये फुलते, आणि हिवाळ्यात उणे तीस अंश सोसणाऱ्या या झुडपाची उमललेली फुले उणे दोन अंशांच्या आसपास काळवंडतात. थंड हवा जड असते. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री ती पाण्यासारखी उताराने खाली वाहते आणि जिथे भिंत, दाट कुंपण किंवा खोलगट जागा आडवी येते तिथे साचते. आमची बाग उत्तरेकडे उतरती आहे आणि खालच्या टोकाला फळ्यांचे भरीव कुंपण आहे. त्या कुंपणालगतच्या झुडपाचा संपूर्ण बहर एका एप्रिलच्या पहाटे गेला, आणि दहा पावलांवर, फक्त हातभर उंचावर असलेल्या झुडपाला काहीही झाले नाही. नंतर आम्ही कुंपणाच्या तळाच्या दोन फळ्या काढल्या, थंड हवेला वाट मिळाली, आणि नुकसान पुष्कळ कमी झाले. नवी लागवड करणाऱ्याने हिवाळ्यातल्या एखाद्या सकाळी बागेत फेरी मारून पाहावी. जिथे गवतावरचे पांढरे दहिवर सर्वांत उशिरा वितळते ती जागा ब्लॅककरंटसाठी सोडून द्यावी.

बहरात दहिवराचा इशारा मिळाला तर संध्याकाळी झुडपावर बागकामाचे पांढरे फ्लीसचे कापड दोन पदरी टाकावे आणि ते जमिनीपर्यंत पोहोचेल असे दगडांनी दाबावे. सकाळी ऊन वर आले की ते न विसरता काढावे, कारण एप्रिलच्या थंडीत परागीभवनाचे काम मुख्यतः केसाळ भुंगमाश्या करतात, आणि कापड दिवसभर तसेच राहिले तर फुले वाचूनही फळ धरत नाही.

लागवड

मोकळ्या मुळांची रोपे नोव्हेंबर ते मार्च या काळात, जमीन गोठलेली किंवा चिखल झालेली नसताना लावावीत. नोव्हेंबर सर्वांत चांगला, कारण तेव्हा मातीत थोडी ऊब असते आणि मुळांना सावरायला वेळ मिळतो. कुंडीत वाढवलेले रोप कधीही लावता येते, पण तेही शरद ऋतूत लावलेले बरे. लागवडीच्या महिनाभर आधी जागा खणून घ्यावी, बारमाही तणांच्या मुळ्या वेचून काढाव्यात आणि दर चौरस मीटरला एक बादली चांगले कुजलेले शेणखत किंवा घरचे कंपोस्ट मिसळावे. तण काढण्यात कुचराई करू नये. झुडपाची मुळे वरच्या थरात पसरतात, त्यामुळे नंतर खोल खुरपणी करता येत नाही.

रोपांची मुळे तासभर पाण्यात बुडवून ठेवावीत. खड्डा मुळे ऐसपैस पसरतील एवढा रुंद करावा. रोपवाटिकेत रोप कुठपर्यंत मातीत होते त्याची खूण खोडावर गडद रंगाच्या कडेने दिसते. त्या खुणेपेक्षा पाच-सहा सेंटिमीटर अधिक खोल रोप बसवावे. फळझाडांच्या बाबतीत एरवी आपण खोड गाडले जाऊ नये म्हणून जपतो, पण इथे मुद्दाम उलट करायचे, कारण मातीखाली गेलेल्या प्रत्येक डोळ्यातून पुढे एक फुटवा निघण्याची शक्यता असते. माती भरून पायाच्या टाचेने हलके दाबावी, बादलीभर पाणी घालावे, आणि मग सुरुवातीला सांगितलेली छाटणी करावी, म्हणजे प्रत्येक फांदीचे फक्त एक किंवा दोन डोळे जमिनीवर राहतील. दोन झुडपांत दीड ते पावणेदोन मीटर अंतर ठेवावे. रोपे लहान असताना हे अंतर उगाच वाटते, परंतु दाटीत हवा खेळत नाही आणि भुरी बळावते.

खत आणि पाणी

या झुडपाची भूक मोठी आहे आणि त्याला नत्र विशेष लागते. मार्चमध्ये झुडपाभोवती सर्वसाधारण मिश्रखत टाकून त्यावर कुजलेल्या शेणखताचे पाच ते आठ सेंटिमीटर जाडीचे आच्छादन द्यावे, मात्र ते फांद्यांच्या बुडाला चिकटू देऊ नये. हे आच्छादन ओल टिकवते, तण दाबते आणि उन्हाळ्यात कुदळ-खुरपे चालवण्याची गरज उरू देत नाही. जे तण येईल ते हाताने उपटावे.

कोरड्या आठवड्यांत, विशेषतः मे-जूनमध्ये फळे भरत असताना, आठवड्यातून एक-दोनदा मुरेल असे पाणी द्यावे. फळे काळी पडू लागली की हात आवरावा, कारण त्या वेळी जास्त पाणी मिळाल्यास साली तडकतात.

तोडणी

स्कॉटलंडमध्ये बहुतेक जाती जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पिकतात. फळ काळे दिसले म्हणजे पिकले असे नाही. काळे झाल्यावर आणखी आठवडाभर झुडपावर राहू दिले तर साखर भरते आणि फळाची कडक चकाकी थोडी मंदावते. पक्ष्यांना हे आपल्याइतकेच चांगले कळते, म्हणून फळे रंग धरू लागताच झुडपावर जाळी टाकावी. जाळी ताणून बांधावी आणि खाली सैल टोके ठेवू नयेत, नाहीतर पक्षी आणि साळूचा धाकटा भाऊ शोभेल असा इथला हेजहॉग त्यात अडकून मरतात.

जुन्या जातींत घोसातली वरची फळे आधी आणि टोकाची नंतर पिकतात, त्यामुळे एकेक फळ वेचावे लागते. बेन जातींत पूर्ण घोस एकदमच तयार होतो आणि तो देठासह कात्रीने कापता येतो. तोडणी कोरड्या हवेत करावी. ओली फळे एका दिवसात बुरशी धरतात. चांगले जोपासलेले झुडूप चार-पाच किलो फळ देते, आणि हे सगळे दोन आठवड्यांत हाताशी येते, तेव्हा त्याची सोय आधीच करून ठेवावी. घोस तसेच ताटात पसरून फ्रीजरमध्ये गोठवावेत आणि मग पिशवीत घालून झटकावेत. फळे देठांपासून आपोआप सुटतात आणि निवडण्याचे तासन्‌तास वाचतात. मुरंबा किंवा जॅम करताना फळे आधी पाण्यात साली अगदी मऊ होईपर्यंत शिजवावीत आणि साखर त्यानंतरच घालावी. साखर आधी पडली की साली चामड्यासारख्या चिवट होतात आणि मग कितीही आटवले तरी सुधारत नाहीत. जॅम घट्ट करणारे पेक्टिन फळात भरपूर असल्यामुळे जॅम सहज जमतो, बाहेरून काही घालावे लागत नाही.

हिवाळी छाटणी

लागवडीनंतरच्या पहिल्या हिवाळ्यात फारसे काही कापायचे नसते. अगदी बारीक, आडव्या पडलेल्या फांद्या तेवढ्या बुडाशी काढाव्यात. दुसऱ्या उन्हाळ्यात पहिले फळ मिळते. तिसऱ्या-चौथ्या हिवाळ्यापासून दरवर्षी, पाने गळल्यापासून डोळे फुगू लागेपर्यंतच्या काळात, झुडपातील सर्वांत जुन्या फांद्यांपैकी सुमारे एकतृतीयांश फांद्या पार जमिनीलगत कापाव्यात.

जुनी फांदी ओळखणे हेच यातले खरे कौशल्य, आणि ते पुस्तकापेक्षा डोळ्याने लवकर येते. त्या सकाळी आजोबांनी मला आधी सिकेटर हातात घेऊ दिले नाही. गुडघे टेकून झुडपाच्या बुडाशी बसायला लावले. एका वर्षाची फांदी फिकट तपकिरी, जवळजवळ गव्हाळ रंगाची आणि गुळगुळीत असते. दोन वर्षांची करडी होते. आणि त्याहून जुनी फांदी काळपट असते, तिची साल खडबडीत होऊन सोलवटलेली असते आणि कडेला पुष्कळ आखूड फाटे फुटलेले असतात. फिकट फांद्यांना हात लावायचा नाही, कारण पुढच्या जुलैचे फळ त्यांच्यावरच आहे. काळपट फांद्या बुडाशी जातात. करड्या फांद्यांवर जोमदार फिकट फाटा खालच्या बाजूला फुटला असेल तर त्या फाट्याच्या वर कापायचे. नसेल तर झुडपाच्या दाटीप्रमाणे निर्णय घ्यायचा. जाड फांद्यांना सिकेटर पुरत नाही, लांब दांड्याची कात्री किंवा लहान करवत लागते. फांद्यांचे शेंडे सारखे करत बसू नये. कुंपणासारखी वरून केलेली छाटणी फळाची फांदी कापते आणि म्हातारी फांदी राखते, म्हणजे नेमके नको तेच करते.

हा नियम रेडकरंटला लावू नये. तो त्याच कुळातला असला तरी त्याला फळ जुन्या फांद्यांवरील आखूड फाट्यांवर येते, आणि ब्लॅककरंटसारखी छाटणी केली तर ते झाड वर्षभर रिकामे राहते. दोन्ही शेजारी लावलेली असतील तर नावाच्या पाट्या लावून ठेवाव्यात.

वर्षानुवर्षे कोणी हात न लावलेले जुने झुडूप वाट्याला आले, तर निरोगी असल्यास सगळेच्या सगळे जमिनीलगत कापून वर शेणखताचा जाड थर द्यावा. एक हंगाम जातो, पण त्यानंतर झुडूप पुन्हा भरते. डोळे फुगलेले असतील तर मात्र ते उपटलेलेच बरे.

फुगलेले डोळे आणि इतर उपद्रव

छाटणी करताना प्रत्येक फांदीचे डोळे पाहावेत. निरोगी डोळा निमुळता, टोकदार आणि फांदीला बिलगलेला असतो. कोळ्याने पछाडलेला डोळा गोल होतो, फुगून लहान वाटाण्याएवढा दिसतो, आणि नखाने उघडला तर कोबीच्या गड्ड्यासारखी पाने आत गच्च आवळलेली दिसतात. कोळी स्वतः डोळ्यांना दिसत नाही, इतका तो बारीक असतो, पण एका डोळ्यात हजारोंनी राहतो. असा डोळा एकतर फुटत नाही किंवा त्यातून वेडेवाकडे पान निघते. मोजकेच डोळे फुगलेले असतील तर मार्चच्या आत ते खुडून जाळावेत किंवा घरच्या कचऱ्यात टाकावेत, कंपोस्टमध्ये कधीही टाकू नयेत. वसंतात कोळी डोळ्यांबाहेर पडून वाऱ्याबरोबर आणि कीटकांच्या अंगावरून पसरतात, म्हणून ही मुदत महत्त्वाची. घरगुती बागेसाठी यावर कोणतेही औषध नाही.

कोळ्याने होणारे खरे नुकसान डोळ्यांपुरते राहत नाही. तो एक विषाणू पसरवतो, आणि त्याची लागण झालेले झुडूप हिरवेगार, धष्टपुष्ट दिसत असतानाच वर्षागणिक फळ कमी देत जाते. पानांच्या कडांच्या कातरी आणि मुख्य शिरा कमी होतात, कळ्यांवरची लव नाहीशी होऊन त्या अधिक गडद गुलाबी दिसतात. असे झुडूप बरे होत नाही. फळ तोडून झाल्यावर ते मुळासकट उपटावे आणि नवी लागवड बागेच्या दुसऱ्या भागात करावी. हिरव्यागार झुडपावर कुदळ चालवणे जिवावर येते, पण ते तसेच ठेवले तर शेजारची सगळी झुडपे जातात, आणि कुंपणापलीकडच्या बागेतलीही.

बाकीचे उपद्रव त्या मानाने किरकोळ आहेत. शेंड्याची पाने पिळवटून उमलेनाशी झाली तर ते बारीक माशीच्या अळ्यांचे काम असते. मोठ्या झुडपाला त्याने फारसे बिघडत नाही. शेंड्यांवर पांढरी भुरी आली तर ते शेंडे खुडावेत, मुळाशी ओल टिकवावी आणि नत्राचा हात थोडा आखडावा. मावा दिसला की बोटांनी चिरडावा.

छाटलेल्या फांद्यांपासून नवी रोपे

ज्या झुडपात तीन-चार वर्षे एकही फुगलेला डोळा आढळला नाही आणि फळही भरपूर आले, त्याच झुडपापासून छाट कलमे करावीत. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पेन्सिलीएवढ्या जाडीच्या, त्याच वर्षी वाढलेल्या फिकट फांद्या घेऊन त्यांचे वीस ते पंचवीस सेंटिमीटरचे तुकडे करावेत. खालचा छेद डोळ्याच्या लगेच खाली आडवा आणि वरचा छेद डोळ्याच्या लगेच वर तिरका द्यावा, म्हणजे वरचे टोक कोणते हे नंतर विसरायला होत नाही. शेंड्याकडचा कोवळा भाग टाकून द्यावा. रेडकरंटच्या कलमाचे खालचे डोळे खुडतात, ब्लॅककरंटचे एकही डोळा न खुडता ठेवायचे. फावड्याने चर पाडून तळाशी मूठभर वाळू टाकावी, कलमे पंधरा सेंटिमीटर अंतराने उभी करावीत, फक्त वरचे दोन डोळे बाहेर ठेवावेत आणि माती घट्ट दाबावी. हिवाळ्यात दहिवराने माती उचलली जाऊन कलमे सैल होतात, तेव्हा फेब्रुवारीत एकदा पायाने पुन्हा दाबून घ्यावीत. उन्हाळाभर ती कोरडी पडू देऊ नयेत. पुढच्या नोव्हेंबरात दहापैकी सात-आठ कलमांना दाट मुळे फुटलेली असतात. ती उचलून कायमच्या जागी, आधीच्यापेक्षा पाच-सहा सेंटिमीटर खोल लावावीत आणि त्याच दिवशी दोन डोळ्यांवर छाटावीत.